बटणाचा हौद

प्रास्कोल हे डोंगरावरचं गाव खालच्या वालग्रांदा नगरपालिकेत विलीन झालं तेव्हा घरोघरी एक रंगीत पत्रक आलं होतं. त्यावर डोंगर होते, हसरी मुलं होती आणि खाली ठळक अक्षरांत एकच वाक्य होतं: ‘तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.’ बार्लाने ते पत्रक स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवून टाकलं. रोज सकाळी साखर काढताना ते दिसावं आणि दिवसाची सुरुवात रागाने व्हावी, एवढाच हेतू. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी माणसाला अंथरुणातून उठायला काहीतरी निमित्त लागतं, आणि कॉफीपेक्षा राग लवकर अंगात येतो.

विलीनीकरणाच्या विरोधात गावातून फक्त सहा मतं पडली होती. आज गावात कोणालाही विचारा, त्या सहांतलं एक त्याचंच होतं. बार्लाच्या हिशेबाने विरोधात मत दिलेल्यांची संख्या आता चाळिसाच्या वर गेली आहे आणि त्यात मागाहून लग्न होऊन आलेली एक सूनही आहे.

खरं कारण सगळ्यांना माहीत होतं. गावचा अध्यक्ष व्हायला कोणी तयार नव्हतं. शेवटचा अध्यक्ष म्हणजे नूत सुतार. त्याचं नाव सुचवलं गेलं तेव्हा तो लघवीला गेला होता आणि परत येईस्तोवर एकमताने निवडून आला होता. त्या एका चुकीपायी तो सोळा वर्षं अध्यक्ष राहिला. सतराव्या वर्षी त्याने जाहीर केलं की आता मी सभेला बाटली घेऊन बसेन, पण खोली सोडणार नाही. तेव्हा नाइलाजाने गाव दुसऱ्याच्या पदरात टाकायचं ठरलं.

बार्लाला याचा राग अंमळ जास्तच होता. बायकांना या गावच्या सभेत हात वर करायचा हक्क मिळाला तेव्हा तिची चाळिशी उलटली होती. त्याआधी सभा चालू असताना ती मागच्या खोलीत कॉफी करायची आणि नवरा चुकीच्या बाजूने हात वर करायला लागला की कपबशा आपटायची. गावचे जुने ठराव काढून पाहिले तर त्यातले निम्मे कपबशांनी मंजूर केलेले आहेत. पुढे स्वतःचा हात वर करायची सवय होते न होते तोच गावच बरखास्त झालं. तीस वर्षं तिने घराच्या पुढच्या खोलीत पोस्ट चालवलं, तेही बंद झालं. शाळा बंद झाली, दूधकेंद्र बंद झालं. गावात अखंड चालू असं एकच उरलं होतं: बार्लाच्या दारासमोरचा हौद.

डोंगरातल्या झऱ्याचं पाणी लाकडी तोटीतून त्या दगडी हौदात पडायचं. ते थांबवायची सोयच कोणी कधी केलेली नव्हती. थांबवायचं कशाला? वरच्या हौदात माणसांनी आणि गुरांनी प्यायचं, तिथून वाहून येणाऱ्या पाण्यात खालच्या हौदात धुणं धुवायचं. भोवतालची सात घरं ही हौदाची घरं. हौद घासायचा, शेवाळ काढायचं, तोटी सांभाळायची हे काम एकेका घराकडे फिरत जायचं आणि त्यासाठी एक काठी होती. ज्याच्या दाराशी काठी उभी, त्याच्याकडे काम. काम झालं की त्याने काठी उचलून पुढच्या दाराशी ठेवायची. एक शब्द बोलावा लागत नसे. दोन घरांचं तीन पिढ्यांचं भांडण होतं, एकमेकांचं तोंड पाहत नसत, पण काठी मात्र न चुकता या दारातून त्या दारात जायची.

त्या वसंतात काठी बार्लाच्या दाराशी होती आणि नेमकी तेव्हाच लाकडी तोटी कुजली.

एरवी काय झालं असतं? तिने शेजारच्या नूतला हाक मारली असती. ऐंशी ओलांडली तरी त्याचा हात स्थिर होता. त्याने लार्चचं एक खोड पोखरून दुपारपर्यंत नवी तोटी बसवली असती, सात घरांनी तिथेच उभ्या उभ्या अक्रोडाचा केक खाल्ला असता आणि विषय संपला असता. पण बार्ला पडली तीस वर्षं शिक्के मारलेली बाई. गाव आता पालिकेचं, म्हणजे हौद पालिकेचा, म्हणजे विचारलं पाहिजे. तिने खाली फोन लावला.

‘खाली’ म्हणजे पालिकेचं कार्यालय. हल्ली गावात सगळं ‘खाली’च असतं. खाली विचारा, खाली कळवा, खालून माणूस येईल. बार्लाला फोनवर आधी एका मुलीच्या आवाजाने कोणत्या कामासाठी कोणता आकडा दाबायचा ते सांगितलं. हौदाला आकडा नव्हता. ‘इतर’ला होता. तो दाबल्यावर थांबायला सांगितलं आणि थांबणाऱ्याच्या मनाला शांती मिळावी म्हणून वाहत्या पाण्याचा आवाज ऐकवला. एका कानात फोनमधलं पाणी आणि दुसऱ्या कानात खिडकीबाहेरचं, अशी ती उभी होती. बाहेरचं जास्त चांगलं होतं.

हे कळल्यावर नूत हातातला रंधा तसाच घेऊन तिच्या दारात आला.

“विचारलंस? खाली?”

“नियम आहे.”

“अगं, एक तोटी! मी जेवायच्या आत बसवली असती.”

“आणि उद्या कोणी म्हणालं, कोणाच्या परवानगीने बसवली?”

“कोण म्हणणार? गाई?”

“तू सोळा वर्षं अध्यक्ष होतास नूत. तुला तरी नियम कळायला पाहिजेत.”

“कळतात म्हणूनच सांगतो,” नूत म्हणाला, “विचारायचं नसतं.”

यानंतर खालून ब्रुंगर नावाचे गृहस्थ आले. त्यांच्या खात्याचं नाव ‘जलव्यवस्था व अनुभवस्थळे’ असं होतं. वयाने तरुण, अंगात महागडं जाकीट, बोलणं इतकं गोड की बार्लाला दात शिवशिवल्यासारखं झालं. त्यांच्या मागे मोजपट्टी घेतलेले दोघे होते.

“सुंदर!” ब्रुंगर हौदाकडे बघत म्हणाले. “किती सुंदर! हा नक्की कोणाच्या मालकीचा?”

“आमच्या.”

“म्हणजे तुमच्या नावावर आहे?”

“नावावर कसा असेल? हौद आहे तो.”

“तरी पण, मालक कोण?”

बार्लाने दाराशी उभी असलेली काठी दाखवली. “सध्या मी.”

मोजपट्टीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. ब्रुंगर मात्र समजूतदारपणे हसले. लहान मुलाने चंद्र मागितल्यावर हसतात तसे. बार्लाच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण परवानगी मागायला आपणच बोलावलं, म्हणून ती गप्प बसली.

“आणि हे पाणी असंच वाहतं?” ब्रुंगरनी विचारलं. “रात्री सुद्धा?”

“डोंगर रात्री घरी जात नाही,” बार्ला म्हणाली.

“केवढी नासाडी!”

“नासाडी कसली? ते आपलं आपण खाली नदीला जातं.”

“तेच तर,” ब्रुंगर म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून बार्लाला पहिल्यांदा वाटलं की नूत रंधा घेऊन धावत आला तेव्हाच त्याचं ऐकायला हवं होतं.

जून लागला तशा गाई वरच्या कुरणावर गेल्या, आणि जुलैमध्ये एक ट्रक आला. जुन्या तोटीच्या जागी चकचकीत पोलादी खांब उभा राहिला. त्यावर मुठीएवढं निळं बटण. बटण दाबलं की बारा सेकंद पाणी, मग बंद. आरोग्याच्या कारणासाठी वरच्या हौदाच्या तळाचं भोक बुजवणारी गुडदी काढून नेली, म्हणजे पाणी साठायला नको. खालच्या हौदात माती भरून लाल जिरेनियम लावले. शेजारी एक वाकडातिकडा बाक ठेवला, त्याला ‘अनुभव-बाक’ म्हणतात असं कळलं. बसल्यावर पाठीला जो अनुभव यायचा तो विसरण्यासारखा नव्हता.

ट्रक गेला आणि गाव गप्प झालं.

हे बार्लाच्या आधी लक्षातच आलं नाही. तिला वाटलं आपले कान गेले. मग तिला स्वयंपाकघरातलं घड्याळ ऐकू आलं, फ्रिज ऐकू आला, पलीकडच्या घरात नूत दुपारचा घोरत होता ते ऐकू आलं. जन्मल्यापासून तिच्या कानांत पाणी वाहत होतं. तिची आई गेली तेव्हा ते वाहत होतं, नवरा गेला तेव्हाही. चार माणसं भेटायला येऊन काय बोलावं ते न सुचून बसली की मधल्या शांततेत तेच बोलायचं. आता ते बोलायचं बंद झालं होतं, आणि फोन करून ते बंद करवलं होतं तिनेच. अठ्ठ्याहत्तर वर्षांत एवढं चोख काम तिच्या हातून दुसरं झालं नव्हतं.

तिने खाली पुन्हा फोन लावला. आता हौदाला आकडा होता. तो दाबल्यावर एका यंत्राने विचारलं, ‘आपण आमच्या नव्या हौदावर किती समाधानी आहात? एक ते पाच.’ शून्य चालत नव्हतं.

सप्टेंबरात गाई कुरणावरून उतरल्या. हा गावचा सण. गळ्यात मोठमोठ्या घंटा, शिंगांना फुलं, पुढे रियेटची सगळ्यात म्हातारी गाय ब्रुना, मागे बाकीच्या तेरा. रियेट हा गावात गाई राखून असलेला शेवटचा माणूस, बार्लाच्या चुलत बहिणीचा मुलगा. सकाळपासून उतरून आलेल्या गाई दरवर्षीसारख्या नेमक्या हौदाशी थांबल्या. ब्रुनाने मान खाली घातली. हौदाचा कोरडा तळ हुंगला. मग मान वर करून तिने रियेटकडे पाहिलं. ती नजर ज्यांनी पाहिली त्यांना गाय कळते असं बार्लाचं म्हणणं आहे.

“दाब की रे बटण!” कोणीतरी ओरडलं.

रियेटने दाबलं. पाणी उसळून आलं, ब्रुना दचकून मागे सरली, मागची तिच्यावर आदळली, घंटांचा एकच गोंधळ उडाला. ब्रुना धीर करून पुढे आली, तोंड लावलं, दोन घोट घेतले, पाणी बंद. पुन्हा दाबलं. दोन घोट. बंद. तोवर मागच्या गाई खालच्या हौदाकडे वळल्या आणि पालिकेच्या जिरेनियमचा त्यांनी फडशा पाडला. त्या दिवशी गावातलं एवढं एकच काम वेळेत आटोपलं.

“मावशी,” रियेट घाम पुसत म्हणाला, “एक गाय बादल्याच्या बादल्या पिते. मी काय इथेच संसार थाटू?”

बार्लाने सणाचा काळा पोशाख घातला होता. ती हौदाच्या काठावर बसली आणि अंगठ्याने बटण दाबायला लागली. चौदाव्या गाईची तहान भागली तेव्हा तिचा अंगठा निळा झाला होता, पोशाख कमरेपर्यंत भिजला होता आणि पर्यटकांनी तिचे इतके फोटो काढले होते की तिच्या लग्नातही तेवढे निघाले नव्हते.

मग गावाने सल्ले द्यायला सुरुवात केली. प्रास्कोलमध्ये माणसं कमी उरली आहेत, पण सल्ल्यांचा साठा पूर्वीइतकाच आहे. कोणी म्हणालं, बटणावर दगड बांधा. रियेटने बांधला. पण यंत्र चतुर होतं. बटण फार वेळ दाबून राहिलं की ते बिघडल्याचं समजून स्वतःला तासभर कुलूप लावून घ्यायचं आणि शिवाय ‘खाली’ चहाडी करायचं. कोणी म्हणालं, वर्तमानपत्रात द्या. वर्तमानपत्राने दिलं, ‘हौदाला नवसंजीवनी’ अशा मथळ्याखाली, भिजलेल्या बार्लाच्या फोटोसकट.

“गाईंना शिकवा,” नूत म्हणाला. “माझ्या आजोबांची शेळी दाराची कडी काढायची.”

“तुझ्या आजोबांची शेळी तुझ्या आजोबांपेक्षा हुशार होती, हे गावाला माहीत आहे,” बार्ला म्हणाली. पण दुसरं काही सुचेना म्हणून तेही केलं. रियेटने बटणाला मीठ चोळलं. ब्रुना आली, जिभेने बटण चाटलं, जरा जोरात चाटलं आणि पाणी आलं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रुनाने पाण्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ती मीठ चाटत राहिली. चौदा गाई रांगेने आल्या, मीठ खाऊन गेल्या, आणि मिठामुळे त्यांना दुप्पट तहान लागली.

त्या संध्याकाळी सातही घरं हौदाशी जमली होती आणि प्रत्येक जण सांगत होता की त्याने विरोधात मत दिलं होतं. बार्लाच्या डोक्यात तिडीक गेली. ती घरात गेली आणि काठी घेऊन बाहेर आली.

“पुरे झालं,” ती म्हणाली. “त्यांना वाटतं पाणी थांबेल. ते थांबणार नाही. दिवसभर कोणीतरी इथे बसायचं आणि दाबायचं. एकेक घर, एकेक दिवस. हौद घासायचा तो आपण असाच घासत आलो ना? उद्या मी. परवा काठी ज्याच्या दारात, तो.”

“आणि किती दिवस असं?” कोणीतरी विचारलं.

“ते बटण झिजेपर्यंत. नाहीतर मी.”

दुसऱ्या दिवसापासून पाणी वाहायला लागलं.

माणसं बटण दाबता दाबता बटाटे सोलायला लागली. बार्ला कोपराने दाबत मोजे विणायची. एका मोज्याला दोन टाचा झाल्या, पण निषेधाच्या काळात असं चालायचंच. नूत पायाच्या अंगठ्याने दाबायचा आणि त्याबद्दल कोणी काही म्हटलं की म्हणायचा, बटणावर हातानेच असं कुठे लिहिलंय? ती तीन पिढ्या भांडणारी दोन घरं काठी देता-घेता हवापाण्याचं बोलायला लागली. पोस्ट बंद झाल्यापासून लोक असे एका जागी टेकले नव्हते. हे सगळं छान चाललं आहे असं एकदा रियेटची बायको म्हणाली, तेव्हा बार्लाने तिच्याकडे असं पाहिलं की ती बटाट्यांकडे वळली. हे छान वाटण्यासाठी चाललेलं नव्हतं.

ऑक्टोबरच्या शेवटी ब्रुंगर आले. एकटेच, आणि हातात अर्धा हात लांबीचं चॉकलेट.

“अभिनंदन!” ते लांबूनच म्हणाले.

त्या दिवशी काठी बार्लाकडे होती. तिने बटण दाबलं. “कशाबद्दल?”

“बटणाला मोजणीचं यंत्र आहे ना! संपूर्ण पालिकेत एवढा वापर कशाचाच नाही. पोहण्याच्या तलावाचा नाही, वाचनालयाचा तर नाहीच नाही. आमचा विश्वास बसेना. दोनदा तपासलं. प्रास्कोलच्या लोकांना हा हौद इतका आवडेल असं आम्हाला स्वप्नातही वाटलं नव्हतं!”

बार्लाचा कोपर बटणावरून घसरला.

“त्यामुळे,” ब्रुंगर म्हणाले, “दुसरा टप्पा मांडतोय. पुढच्या महिन्यात नगरसभेत. विलीन झालेल्या सगळ्या गावांच्या सगळ्या हौदांना बटणं. तुमचं उदाहरण दाखवून. तुम्ही याल ना? पहिल्या रांगेत बसवतो.”

“अहो,” बार्ला म्हणाली, आणि तिला स्वतःचाच आवाज अनोळखी वाटला, “आम्ही हे वैतागून दाबतोय!”

“ते यंत्राला कळत नाही,” ब्रुंगर प्रामाणिकपणे म्हणाले. “ते फक्त मोजतं.”

ते गेल्यावर पाणी बंद झालं. कोणी दाबलंच नाही. तोवर जमलेली सातही घरांतली माणसं चॉकलेटकडे बघत उभी होती.

“म्हणजे आपण दाबत राहिलो तर सगळीकडे बटणं,” रियेट म्हणाला. “नाही दाबलं तर गाई तहानलेल्या.”

“मी म्हणालो होतो,” नूत म्हणाला, “विचारायचं नसतं.”

“नूत,” बार्ला म्हणाली, “हे तू पुन्हा एकदा म्हणालास तर मी सभेत तुझं नाव सुचवीन. तू लघवीला गेलास की.”

नगरसभा म्हणजे सगळ्या नागरिकांची हात वर करून मत द्यायची सभा. ती खाली क्रीडागृहात भरते. प्रास्कोलची सभा भरायची त्या खोलीत चाळीस माणसं बसली की एकाला खिडकीत बसावं लागे. इथे बास्केटबॉलच्या दोन जाळ्यांमध्ये शेकडो खुर्च्या होत्या. विलीन झालेल्या गावांची माणसं आपापल्या कोपऱ्यात गठ्ठ्याने बसली होती. अल्वेनचे डावीकडे, तार्नुत्सचे मागे भिंतीला टेकून, वर्षानुवर्षं एकमेकांना नावं ठेवत आलेली. बार्ला पहिल्या रांगेत बसली नाही. प्रास्कोलचे लोक उभे होते तिथे जाऊन उभी राहिली. तिच्या हातातली काठी पाहून दारावरच्या माणसाने तिला खुर्ची देऊ केली. त्याला वाटलं, बाई लंगडतात.

ब्रुंगरनी पडद्यावर आलेख दाखवला. प्रास्कोलचा खांब छतापर्यंत गेला होता. पालिकेचे अध्यक्ष म्हणाले, “आपण आता एक गाव आहोत. प्रास्कोलला जे मिळालं ते सगळ्यांना मिळालं पाहिजे. कोणाला काही बोलायचंय?”

बार्ला पुढे गेली. ध्वनिक्षेपक तिच्यासाठी खाली ओढायला एक मुलगी धावली, पण कपबशांवर वाढलेल्या बाईला त्याची गरज नव्हती.

“तो खांब आहे ना,” ती पडद्याकडे काठी रोखून म्हणाली, “ते आमचं कौतुक नाही. तो आमचा संताप आहे. चौदा गाई आहेत आणि एकीलाही बटण दाबता येत नाही. म्हणून सकाळपासून अंधार पडेपर्यंत सात घरं आळीपाळीने दाबत बसतात. आमच्या नूतने पायाने दाबलंय. अल्वेनवाल्यांनो, तुमच्याकडे गाई किती?”

“साठ!” डावीकडून कोणीतरी ओरडलं.

“मग अंगठे मोजून ठेवा.”

क्रीडागृहात हशा पिकला, आणि मग तो हळूहळू थांबला, कारण कोपऱ्याकोपऱ्यांतून माणसं खरोखरच हिशेब करत होती. तार्नुत्सचा एक जाडजूड माणूस उठून म्हणाला की मी आयुष्यात प्रास्कोलवाल्यांच्या बाजूने हात वर केलेला नाही, आणि आमचे वाडवडील वरून बघत असतील तर त्यांनी क्षणभर दुसरीकडे बघावं. बार्लाने ठराव मांडला: दुसरा टप्पा नको, आणि पहिला उपटून काढा. त्या माणसाने हात वर केला, पाठोपाठ सगळ्या कोपऱ्यांतून हात वर गेले. खालच्या शहराला जे कधी सुचलं नव्हतं ते त्या दिवशी दिसलं. गिळलेली गावं एकेकटी छोटी होती, पण सगळी मिळून गिळणाऱ्यापेक्षा मोठी होती.

टाळ्या थांबल्यावर ब्रुंगर उठले. त्यांचा चेहरा पडला होता.

“सभेचा निर्णय शिरसावंद्य,” ते म्हणाले. “फक्त प्रास्कोलचा खांब लगेच काढता येणार नाही. त्याला पाच वर्षांची हमी आहे. आत्ता काढला तर हमी रद्द होते.”

“पण आम्हाला तो नकोच आहे!”

“हो, पण हमी आहे.”

बार्लाचा राग आता असा पिकला होता की त्यातला आरडाओरडा गळून गेला होता.

“बरं,” ती म्हणाली. “अध्यक्ष, आपण एक गाव आहोत म्हणालात. खरं ना?”

“अर्थातच.”

“मग हौद सगळ्यांचा. आमच्याकडे हौदाचं काम घरोघर फिरतं. आत्तापर्यंत सात घरं होती. आता खालचीही घरं आली. माझा ठराव आहे की तो खांब असेपर्यंत बटण दाबायला पालिकेतल्या प्रत्येक घराने यावं. एक दिवस एक घर. सुरुवात या टेबलापासून.” आणि तिने काठी ब्रुंगरच्या कागदांवर ठेवली.

मागून तार्नुत्सच्या माणसाने पहिला हात वर केला, दोन्ही हात वर केले, आणि शेजाऱ्याने त्यातला एक खाली ओढला. बाकी हात मोजायची गरजच पडली नाही.

सोमवारी सकाळच्या बसने ब्रुंगर आले. हे मात्र बार्लाला मान्य करावं लागलं: माणूस आला. काठी हौदाला टेकवून तो बाकावर बसला, तिथून लगेच उठला आणि काठावर बसला. रियेटने गाई सोडल्या.

“किती वेळ पितात या?” ब्रुंगरनी विचारलं.

“तहान भागेपर्यंत, साहेब.”

तिसऱ्या गाईला त्यांचं जाकीट भिजलं. पाचव्या गाईला त्यांचा फोन वाजला. ते बोलत बोलत चार पावलं लांब गेले, पाणी थांबलं आणि ब्रुना अशी हंबरली की वरच्या घरांच्या खिडक्या उघडल्या. ब्रुंगर धावत परत आले. दुपारी त्यांना जवाचं सूप द्यायचं नाही असं बार्लाने पक्कं ठरवलं होतं. ते तिने नूतच्या हातून पाठवलं, म्हणजे आपण दिलं असं झालं नाही. संध्याकाळी गाई दुसऱ्यांदा प्यायला आल्या तेव्हा ब्रुंगर डाव्या हाताच्या करंगळीने दाबत होते. बाकीची नऊ बोटं संपली होती.

शेवटच्या बसची वेळ झाली. त्यांनी काठी उचलली.

“ही आता कुठे द्यायची?”

“पुढच्या दारी,” बार्ला खिडकीतून म्हणाली. “टेबलावर तुमच्या शेजारी कोण बसलं होतं?”

ब्रुंगर विचारात पडले. “अध्यक्ष.”

“मग त्यांच्या दारी ठेवा. काही बोलावं लागत नाही.”

दुसऱ्या दिवशी बार्ला पहाटेच उठली. चांगला पोशाख चढवला. खिडकीची काच पुसली, खुर्ची ओढली, तिच्यावर उशी ठेवली, मोठं भांडंभर कॉफी करून घेतली आणि सकाळच्या बसची वाट बघत बसली. अध्यक्षांना चौदा गाईंसमोर बघायला तिने नूतला आणि त्या दोन भांडकुदळ घरांनाही बोलावलं होतं. खिडकी पुरेना म्हणून काहीजण जिन्यावर बसले होते.

पण बसच्या आधी पालिकेचा ट्रक आला. त्यातून चार माणसं उतरली आणि बघता बघता पाच वर्षांची हमी असलेला खांब उपटून ट्रकमध्ये आडवा झाला. एकाने हौदाची गुडदीही परत आणली होती. नूत उठून गेला आणि खांदा टेकवून त्याने लार्चची तोटी जागेवर बसवली. ती त्याने जूनमध्येच कोरून ठेवली होती, कोणालाही न विचारता. पाणी थोडं गढूळ आलं, मग स्वच्छ आलं, आणि मग ते थांबलं नाही.

जिन्यावरच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. बार्ला मात्र खुर्चीतच बसून होती. तिची कॉफी निवत चालली होती.

“जिंकलीस की गं!” नूत ओल्या हातांनी आत येत म्हणाला. “आता तरी हस.”

“कशाला हसू?” बार्ला उसळून म्हणाली. “एक दिवस, फक्त एक दिवस दाबलं असतं तर त्या अध्यक्षाचं काय जात होतं?”